चौकट आधी, छायाचित्र मागाहून

पूर्वी दुकानाची पहिली ओळख पाटीवरून होत असे आणि दुसरी दर्शनी कपाटावरून. कोणता माल पुढे मांडायचा, कोणत्या साडीचा पदर उलगडून टांगायचा, दिव्याचा प्रकाश कोठून पाडायचा, याचा विचार पेढीवरील वडीलधारी मंडळी सणाच्या आठ-आठ दिवस आधीपासून करीत. आज गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ते कपाट त्याच्या तळहातावर उघडलेले असते. व्हॉट्सॲपचे स्टेटस, इन्स्टाग्रामची रील, फेसबुकचे पान, गूगलच्या नकाशावरील दुकानाची छायाचित्रे ही आता आपली दर्शनी कपाटे झाली आहेत. फरक एवढाच की, या कपाटांची मापे आपण ठरविलेली नाहीत. ती दुसऱ्यांनी ठरविलेली आहेत, आणि आपला माल त्यांत बसला नाही तर कपाट मोठे होत नाही. माल कापला जातो.

हे कापले जाणे वाटते तितके किरकोळ नाही. पैठणीचे मोल तिच्या पदरात आणि काठांत. दुकानातील एखादा होतकरू मुलगा मोबाईल आडवा धरून पसरलेल्या पदराचे सुरेख छायाचित्र घेतो, ते उभ्या चौकटीत चढविले जाते, डावीउजवीकडचे दोन्ही काठ चौकटीबाहेर जातात आणि गिऱ्हाइकासमोर उरते ते मधले अंग. पाहणाऱ्याला किंमत अवाजवी वाटते, कारण ज्याची किंमत आहे तेच त्याला दिसलेले नसते. दिवाळीच्या सवलतीची शेवटची तारीख चित्राच्या तळाशी लिहिलेली असते आणि रीलमध्ये नेमकी तेथेच खात्याच्या नावाची व मजकुराची ओळ येऊन बसते. याहून बोचणारा प्रकार निधनवार्तेचा. दिवंगत व्यक्तीच्या छायाचित्राखाली उठावण्याचे स्थळ आणि वेळ अगदी खालच्या कडेला छापलेली असते; स्टेटसमध्ये ती उत्तराच्या पट्टीआड जाते. मग दिवसभर त्या घरी फोन वाजत राहतात, आणि त्या दिवशी त्या घरात फोन उचलण्याचेही त्राण कोणात नसते.

अशा वेळी ‘साइज किती ठेवू?’ हा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरादाखल एखादा आकडा हवा असतो. आकडे पुढे येतीलच. मात्र आकड्याच्या आधी चौकटीचा आकार येतो, आणि आकाराच्याही आधी ते चित्र कोठे पाहिले जाणार हा प्रश्न. हा क्रम उलटा झाला की, उत्तम कॅमेरा आणि महागडा डिझायनर असूनही काठ कापले जातातच.

ठिपके आणि त्रैराशिक

मोबाईलवरील चित्र हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १०८०×१३५० असे लिहिले की, आडव्या ओळीत १०८० ठिपके आणि उभ्या ओळीत १३५० ठिपके, असा त्याचा अर्थ. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा. अंगणापुरती काढलेली रांगोळी तेवढ्याच ठिपक्यांनी चौकभर पसरावयाची म्हटले, तर ठिपके विरळ होतात आणि नक्षी विस्कटते. लहान चित्र ताणून मोठे केले की तसेच घडते. उलटपक्षी फार मोठे चित्र लहान करताना ठिपके कमी होतात, पण नक्षी टिकते. म्हणून मूळ छायाचित्र नेहमी मोठे घ्यावे आणि जपून ठेवावे.

ठिपक्यांची संख्या एक गोष्ट आणि रुंदी-उंचीचे प्रमाण दुसरी. १०८०×१३५० काय किंवा ८००×१००० काय, दोन्हींचे प्रमाण ४:५. चौकटीत बसणे न बसणे हे प्रमाणावर ठरते. चित्र स्पष्ट दिसणे ठिपक्यांवर ठरते. प्रमाण ठाऊक असेल तर हिशेब शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाचा आहे: चार भाग रुंदीला पाच भाग उंची, तर १०८० रुंदीला किती? १०८० ला पाचने गुणावे, चाराने भागावे, १३५०. ज्यांनी आयुष्यभर व्याजाची आणि वजनमापांची त्रैराशिके तोंडी सोडविली, त्यांना हे ॲप विकत घेऊन शिकण्याची आवश्यकता नाही.

ही प्रमाणे आकाशातून पडलेली नाहीत. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा विक्रीस आला आणि चित्रपटाच्या फितीवर ३६×२४ मिलिमीटरची चौकट त्याने छायाचित्रणात रूढ केली. हे प्रमाण ३:२, म्हणूनच स्टुडिओतून घरी येणारी ६×४ इंचांची प्रत त्या चौकटीत अचूक बसत असे. भिंतीवरील तसबिरीसाठी घेतलेली ८×१० इंचांची प्रत मात्र ४:५ प्रमाणाची. त्याच्याही आधी मूकपटांची चौकट ४:३ होती. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच घडणीचा. आजच्या बहुतेक मोबाईलचा कॅमेराही मुळात ४:३ प्रमाणातच छायाचित्र घेतो, म्हणजे मोबाईल उभा धरला की ३:४. त्यामुळे कॅमेऱ्यातून निघालेले चित्र ज्या घरी पाठवायचे त्या घराच्या दाराशी ते जुळतेच असे नाही.

आपल्या कामापुरते पाहिले तर आकार चारच पुरतात. चौरस, म्हणजे १:१. किंचित उभा, ४:५ किंवा ३:४. मोबाईलचा संपूर्ण पडदा व्यापणारा लांब उभा, ९:१६. आणि दूरचित्रवाणीसारखा आडवा, १६:९. बाकीचे सारे यांचेच भाऊबंद.

इन्स्टाग्रामची चौकट कशी बदलत गेली

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा तेथे फक्त चौरस चित्र चालत असे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये उभ्या आणि आडव्या चित्रांना वाट मिळाली, तरी खात्याच्या मुख्य पानावरील चित्रांची जाळी चौरसच राहिली. त्या काळात अनेक व्यापाऱ्यांनी आपली पाने मोठ्या हौसेने सजविली. एक मोठे चित्र नऊ चौरसांत कापून मांडायचे, प्रत्येक चौरसाच्या कडेला दुकानाच्या रंगाची किनार द्यायची, अशी पद्धतच पडली होती. मग जानेवारी २०२५ मध्ये ती जाळी चौरसाऐवजी उभी झाली. ज्यांची किनार आणि अक्षरे अगदी कडेला होती, त्यांची सजावट एका दिवसात बिघडली.

किती बिघडली, हे हिशेबाने पाहता येते. १०८०×१०८० चे चौरस चित्र ३:४ च्या उभ्या खिडकीतून पाहिले, तर उंची पूर्ण दिसते आणि रुंदी ८१० एवढीच दिसते. म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी १३५ ठिपके गेले. एकूण रुंदीचा चौथा हिस्सा. दागिन्यांच्या जाहिरातीत डावीकडे नथ, उजवीकडे तोडे आणि मध्ये दुकानाचे नाव अशी मांडणी केलेली असेल, तर पानावर नाव तेवढे शिल्लक राहते. याउलट १०८०×१३५० चे चित्र त्याच खिडकीत जवळजवळ पूर्ण बसते; बाजूंनी प्रत्येकी ३४ ठिपके जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२५ मध्येच थेट ३:४ प्रमाणाची, म्हणजे १०८०×१४४० ची छायाचित्रेही तेथे स्वीकारली जाऊ लागली. मोबाईल उभा धरून नेहमीच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र आता कातरी न लागता जाते, हा या बदलाचा आपल्याला झालेला खरा लाभ.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, इन्स्टाग्राम चित्राची रुंदी १०८० ठिपक्यांपर्यंतच राखते. त्याहून मोठे चित्र ते स्वतः लहान करते. तेव्हा चार हजार ठिपक्यांचे चित्र चढविल्याने ते अधिक ठसठशीत दिसेल, ही समजूत व्यर्थ होय. दुसरी, आडवे चित्र तेथे चालते, पण उभ्या धरलेल्या मोबाईलवर त्याला मिळणारी जागा फार थोडी असते. त्याच रुंदीत १६:९ चे आडवे चित्र ६०८ ठिपके उंच दिसते आणि ४:५ चे १३५०. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरची दुपटीहून अधिक जागा केवळ मोबाईल उभा धरल्याने मिळते, आणि तीही विनामूल्य. मी तर म्हणेन की, साडी, चादर, लांब हार, पैंजण, अशा मालाचे आडवे छायाचित्र मुद्दाम कारण असल्यावाचून घेऊच नये.

कॅलेंडरच्या पट्टीचा धडा

जुन्या व्यापाऱ्यांना हा विषय नवा वाटतो, पण त्यातील सर्वांत महत्त्वाचा नियम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला आहे. शिवकाशीहून छापून येणारी भिंतीवरची कॅलेंडरे आठवावीत. वर देवदेवतेचे किंवा निसर्गाचे चित्र आणि त्याखाली मोकळी पट्टी. त्या पट्टीत दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी छापून घेऊन दिवाळीपासून ती कॅलेंडरे गिऱ्हाइकांना दिली जात. चित्रकार त्या पट्टीत काही काढीत नसे, कारण तेथे दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर यावयाचा आहे, हे त्याला आधीच ठाऊक असे.

रील आणि स्टोरीची गोष्ट अगदी हीच आहे. फक्त येथे पट्टी आपली नसून कंपनीची असते. १०८०×१९२० च्या उभ्या चित्रावर वरच्या बाजूस खात्याचे नाव येते, खालच्या बाजूस मजकूर आणि बटणे येतात, रीलमध्ये उजव्या कडेला पसंती-प्रतिसादाची चिन्हे उभी राहतात. मेटा कंपनी रीलच्या जाहिरातदारांना सांगते की, वरची सुमारे १४ टक्के, खालची ३५ टक्के आणि दोन्ही कडांची ६-६ टक्के जागा अक्षरांपासून मोकळी ठेवावी. १९२० च्या उंचीत १४ टक्के म्हणजे २६९ ठिपके आणि ३५ टक्के म्हणजे ६७२. उरली ती साधारण निम्मी उंची. भाव, तारीख, वेळ, फोन क्रमांक जे काही वाचले गेलेच पाहिजे, ते या मधल्या निम्म्यात आले पाहिजे. उरलेल्या जागेत साडीची घडी, दुकानाची भिंत, फुले, काहीही असू द्यावे. ते झाकले गेले तरी बिघडत नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसची पट्टी याहून लहान असते, पण तळाशी काही लिहू नये हा नियम तेथेही तितकाच खरा. निधनवार्ता, लग्नाची तारीख, शिबिराचे स्थळ यांना हे मधले घर आधी द्यावे आणि मग वेलबुट्टीचा विचार करावा.

त्याच रीलचे मुखचित्र खात्याच्या पानावर ३:४ मध्ये दिसते, तेव्हा १९२० पैकी मधले १४४० ठिपकेच दिसतात. वरचे व खालचे २४०-२४० जातात. म्हणजे मजकूर मध्यभागी ठेवण्याचे हे दुसरे कारण झाले.

आता घराघरांतील एक नाजूक बाब. दुकानाचे खाते बहुधा सूनबाई किंवा महाविद्यालयात शिकणारा नातू सांभाळतो आणि जाहिरातीचा मजकूर वडीलधारे सांगतात. त्या मजकुरात स्थापनेचे वर्ष हवे, तिन्ही भावांची नावे हवीत, दोन शाखांचे पत्ते हवेत, चार फोन क्रमांक हवेत, आणि शाखा नसेल तर ‘आमची कोठेही शाखा नाही’ हेही हवेच. वर्तमानपत्रातील पाव पानाच्या जाहिरातीत हे सारे शोभून दिसे, कारण वाचक ते पान हातात धरून सावकाश वाचीत असे. मोबाईलच्या मधल्या निम्म्या उंचीत ते मावत नाही. मग नातू अक्षरे बारीक करतो आणि आजोबांनाच ती वाचता येत नाहीत. तडजोड एकच आहे: एका चित्रात एक माल, एक भाव आणि एक क्रमांक. स्थापनेचे वर्ष, पत्ते आणि शाखा खात्याच्या परिचयात कायमच्या लिहून ठेवाव्यात. तेथे ते शोधणारा वाचतोच.

चलच्चित्राची आडवी-उभी अडचण

छायाचित्र चुकीच्या आकारात घेतले तर पुन्हा घेता येते. दुकानाच्या शुभारंभाचे, वडिलांच्या पंचाहत्तरीचे किंवा कारखान्यातील भट्टीवर चालू असलेल्या कामाचे चलच्चित्र पुन्हा घेता येत नाही. म्हणून येथे निर्णय आधी व्हावा लागतो.

यूट्यूबवर सविस्तर पाहावयाचे चित्रण आडवे, १९२०×१०८०. रील, स्टेटस आणि यूट्यूबचे शॉर्ट्स उभे, १०८०×१९२०. यूट्यूबने १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतची उभी चित्रणे शॉर्ट्समध्ये घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे दागिन्याची घडण किंवा मसाल्याची कांडण दाखविण्यास तो अवकाश पुरेसा आहे. अडचण येते ती एकाच चित्रणातून दोन्ही करू पाहणाऱ्यांना. १९२०×१०८० च्या आडव्या चित्रणातून उभा तुकडा कापला तर त्याची रुंदी भरते अवघी ६०७ ठिपके. मूळ रुंदीच्या एक-तृतीयांशाहूनही ती कमी. समूहचित्रात मध्ये उभ्या असलेल्या दोघा-तिघांखेरीज सारे कुटुंब त्यातून वगळले जाते, आणि उरलेला तुकडाही पडदाभर ताणल्याने धूसर होतो.

यावर उपाय आहे. आजच्या अनेक मोबाईलमध्ये फोर-के चित्रणाची सोय असते. त्याची चौकट ३८४०×२१६०. तीतून उभा तुकडा कापला तर तो १२१५×२१६० भरतो, म्हणजे रीलच्या १०८०×१९२० पेक्षा मोठाच. अर्थात मुख्य व्यक्ती किंवा वस्तू मध्यभागी असली पाहिजे आणि तिच्या दोन्ही बाजूंस थोडी मोकळी जागा सोडली पाहिजे. साठवणुकीची जागा अधिक लागते, ती लागू द्यावी. मात्र भाषणासारखे तासाभराचे चित्रण या मापात घेण्याचे काहीच प्रयोजन नाही.

उभे चित्रण आडव्या पडद्यावर दाखवावयाची वेळ आली, तर बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. त्या झाकण्यासाठी चित्र रुंद ताणणे हा मात्र अपराध मानावा. सत्कार समारंभांत सभागृहातील मोठ्या पडद्यावर घरातील वडिलधाऱ्यांचे चेहरे पसरट झालेले आपण सर्वांनीच पाहिले असतील.

पाठवताना काय हरवते

चित्र योग्य मापात तयार झाले, म्हणजे काम संपले असे नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना झिजते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने छायाचित्र पाठविले की, ते ॲप त्याचे ठिपके कमी करते आणि वजन घटविते, जेणेकरून ते लवकर पोहोचावे. डिझायनरकडून मालकाकडे, मालकाकडून शाखेकडे, शाखेकडून गिऱ्हाइकाकडे, असा प्रवास करून आलेल्या चित्रातील जरीचे धागे एकमेकांत मिसळलेले दिसतात. अक्षरांच्या कडेला बारीक धुळीसारखे डाग येतात ते यामुळेच. २०२३ पासून तेथे ‘एचडी’चा पर्याय आहे, तो निवडावा. त्याहून उत्तम म्हणजे छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. अक्षरे अधिक असलेली जाहिरात पीएनजी स्वरूपात आणि मालाचे छायाचित्र जेपीजी स्वरूपात ठेवावे, एवढे सांगितले तरी डिझायनर पुढचे समजतो.

याच कारणास्तव मासिकांकडे येणारी अनेक छायाचित्रे छापण्याजोगी नसतात. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. पाच इंच रुंद छापावयाच्या छायाचित्राला १५०० ठिपके रुंदी हवी. इन्स्टाग्रामवरून उतरवून घेतलेले १०८०×१३५० चे चित्र ३.६×४.५ इंचांहून मोठे छापले की फिसकटते. याउलट चौकातील फ्लेक्सला, तो दुरून पाहिला जात असल्याने, इंचाला ७२ ठिपकेही पुरतात आणि फार मोठ्या फलकाला त्याहून कमी. म्हणून रस्त्यावर जे सुंदर दिसले तेच चित्र मासिकात का बिघडले, असा प्रश्न विचारण्याआधी कोणती प्रत पाठविली गेली ते पाहावे.

घरातील जुन्या छायाचित्रांचा येथे विशेष उल्लेख करावासा वाटतो. पणजोबांची एकच तसबीर घरात असते, ती भिंतीवरून न उतरविता काचेवरूनच मोबाईलने टिपली जाते. काचेत दिव्याचा गोळा आणि टिपणाऱ्याचा हात दोन्ही येतात. मग ती प्रत सर्व नातलगांत फिरते आणि पुढील पिढीसाठी तीच मूळ प्रत ठरते. तसबीर काळजीपूर्वक चौकटीतून काढून, दिवसाच्या प्रकाशात सपाट ठेवून किंवा स्कॅनरवर घालून एकदाच मोठ्या मापात टिपावी आणि तिची फाइल दोन ठिकाणी जपावी. जुनी तसबीर ४:५ किंवा ३:४ ची असेल तर स्टेटससाठी तिला ९:१६ मध्ये बसविताना वर-खाली साधा, शांत रंग भरावा. चेहरा लांबवू नये आणि फेटाही कापू नये.

हरवलेले ठिपके अंदाजाने भरून चित्र मोठे करून देणारी साधने आता सहज मिळतात. त्यांच्याबाबत माझे मत सावध आहे. ही साधने जे नाही ते कल्पून काढतात. पणजोबांचा चेहरा त्यातून गुळगुळीत होऊन येतो, पण तो कदाचित पणजोबांचा राहत नाही. मालाच्या बाबतीत तर प्रश्न थेट व्यवहाराचा आहे. साडीचे विणकाम, सोन्याच्या मण्यांची घडण, डाळीच्या दाण्याचा पोत यांत साधनाने भर घातली आणि गिऱ्हाइकाने त्यावर विसंबून पैसे पाठविले, तर पोहोचलेला माल आणि दाखविलेला माल यांत अंतर पडते. मालाचे छायाचित्र लहान निघाले असेल तर पुन्हा घ्यावे. पहिल्या चित्रात वस्तू कडेपासून कडेपर्यंत संपूर्ण दिसावी, दुसऱ्यात जवळून विण, आणि एखाद्यात शेजारी पट्टी किंवा हात ठेवून तिचे प्रत्यक्ष माप.

उरलेली काही कपाटे

खात्याचे बोधचिन्ह बहुतेक ठिकाणी चौरस चढविले जाते आणि गोल दिसते. चौरसातील वर्तुळ जेमतेम ७८ टक्के जागा व्यापते. चारही कोपरे जातात. तेव्हा कोपऱ्यांत ‘श्री’ किंवा स्थापनेचे वर्ष घालण्याचा मोह आवरावा.

फेसबुकच्या पानावरील वरचे आडवे चित्र संगणकावर ८२०×३१२ या मापात दिसते आणि मोबाईलवर ६४०×३६० मध्ये. एकीकडे वर-खाली कापले जाते, दुसरीकडे बाजूंनी. दुकानाच्या लांबलचक पाटीचे छायाचित्र तेथे लावले, तर मोबाईलवर नावातील पहिले अक्षर आणि शेवटचे ‘आणि मंडळी’ गळून पडतात. ८२०×३६० ची दुप्पट, म्हणजे १६४०×७२० चे चित्र करावे आणि अक्षरे मधल्या १२८०×६२४ मध्ये ठेवावीत. यूट्यूब वाहिनीच्या मथळ्याच्या चित्राचेही तसेच: पूर्ण माप २५६०×१४४०, पण सर्व प्रकारच्या पडद्यांवर हमखास दिसणारा भाग मधला १५४६×४२३ एवढाच. तेथील चित्रणाचे मुखचित्र, ज्याला थंबनेल म्हणतात, ते १२८०×७२० असावे. त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कालावधीचा आकडा येतो, म्हणून तो कोपरा रिकामा सोडावा. ज्यांचे संकेतस्थळ आहे त्यांनी दुव्यासोबत दिसणारे चित्र १२००×६३० चे करून घ्यावे.

गूगलच्या नकाशावरील दुकानाच्या नोंदीकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते गावोगावच्या दुकानदाराला सर्वांत उपयोगी कपाट तेच आहे; कारण तेथे येणारा माणूस दुकान शोधतच आलेला असतो. गूगलने तेथे ७२०×७२० चे छायाचित्र सुचविले आहे, वजन १० केबी ते ५ एमबी यांदरम्यान. चलच्चित्र तीस सेकंदांपर्यंतचे चालते. रस्त्यावरून दिसणारा दुकानाचा दर्शनी भाग, शेजारची ओळखीची खूण आणि गाडी लावण्याची जागा अशी तीन छायाचित्रे तेथे दिवसाच्या उजेडात घेऊन लावली, तर ‘नक्की कोठे आहे?’ असे विचारणारे फोन पुष्कळ कमी होतील.

यांतील काही आकडे पुढेमागे बदलतील; २०२५ च्या जानेवारीत बदलले तसे. दिवाळीत वहीपूजनासाठी नव्या वह्या आणल्या जातात, तेव्हा एका वहीच्या आतील पुठ्ठ्यावर आपण वापरतो त्या ठिकाणांची मापे लिहावीत, शेजारी त्या दिवसाची तारीख घालावी, आणि आपले प्रत्येक पान एकदा स्वतःच्या व एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून कोठे काय कापले जात आहे ते पाहावे. जुन्या मापांवर आडवी रेघ मारावी, ती खोडू नयेत. कोणते चित्र कोणत्या सालच्या चौकटीसाठी केले होते, हे त्यावरून कळते.